जबड्याची गाठ : रोग एक की दोन?

आपल्या वऱ्हाडात ज्याच्या दावणीला बैल आहे, त्याने हा रोग बहुधा पाहिलेला असतो. फक्त त्याचे नाव त्याला ठाऊक नसते. बैलाच्या जबड्याला एका अंगाने टेंगूळ येते. दाबून पाहावे तर दगडासारखे कठीण, हाडाला घट्ट चिकटलेले, हलवू म्हटले तर हलत नाही. जनावर आरंभी काही कुरकुर करीत नाही. पुढे दात खिळखिळे होतात, कडबा नीट चावता येत नाही, आणि काही महिन्यांनी टेंगूळ एकदोन ठिकाणी फुटून चिकट पू वाहू लागतो. त्या पुवात बारीक पिवळसर कण असतात, रव्याच्या दाण्यासारखे. ढोरांच्या दवाखान्यातील डॉक्टर आयोडाइडची सुई देतात. लवकर नेले तर टेंगूळ वाढायचे थांबते, उशिरा नेले तर बैल चारा सोडतो.

हाच रोग, म्हणजे ह्याच जातीच्या जंतूचा रोग, माणसालाही होतो. तो फार विरळा आहे. पुष्कळ डॉक्टरांना उभ्या आयुष्यात ह्याचे दोनचारच रोगी भेटतात. मग एवढ्या विरळा रोगावर बोलण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की हा रोग कर्करोगाचे सोंग इतके हुबेहूब घेतो की भले भले फसतात. आणि काही वेळा तो कर्करोगाच्याच अंगाखाली लपून बसतो. ज्या मुलखात खर्रा खाल्ला जातो आणि तोंडाचा कर्करोग घरोघर ऐकू येतो, त्या मुलखातल्या माणसाला हे ठाऊक असणे बरे.

त्या पिवळ्या कणांमुळेच हा रोग शास्त्राच्या नजरेस आला. १८७७ साली जर्मनीत बोलिंगर नावाच्या विद्वानाने गुरांच्या जबड्यातले असे कण सूक्ष्मदर्शकाखाली धरले. मधोमध धाग्यांचा गुंता, आणि कडेने चोहोकडे बाहेर निघालेली गदेसारखी टोके! लहान मूल पाटीवर सूर्य काढते ना, तसे ते चित्र. हार्ट्‌स ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला ॲक्टिनोमायसीज असे नाव दिले. ग्रीक भाषेत ह्याचा अर्थ किरणांची बुरशी. म्हणून मराठीत किरणकवक. पुढच्याच वर्षी, १८७८ साली, बर्लिनचे शल्यवैद्य जेम्स इझ्राएल ह्यांनी हाच रोग माणसात दाखवला. गंमत अशी की हे नावच मुळात चुकीचे आहे. तो बुरशी नव्हे; जंतूच आहे. फक्त इतर जंतूंसारखा ठिपका किंवा काडी होऊन न राहता तो धाग्यासारखा वाढतो आणि त्याला फांद्या फुटतात, म्हणून पूर्वीच्या लोकांना बुरशी वाटला. पण आपल्याकडे एखाद्याला ‘लहान्या’ म्हटले की तो नातवंडांचा आजा झाला तरी लहान्याच राहतो. तसेच ह्याचे झाले. ह्या चुकीच्या नावाचा तोटा मात्र खरा आहे: बुरशी समजून कोणी बुरशीचे औषध दिले, तर त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

काडीवरून आठवले. पुष्कळ वर्षे अशी समजूत होती की हा रोग गवताची काडी चघळल्याने होतो. १८९० च्या सुमारास एका जर्मन पंडिताने गवतावर आणि धान्यावर असाच दिसणारा एक जंतू दाखवला, आणि सगळे शास्त्र त्याच्या मागे गेले. शेतकरी दात टोकरतो, कडब्याची काडी तोंडात धरतो, म्हणून त्याला हा रोग होतो, असे पुस्तकांतून छापले गेले. बिचाऱ्या काडीवर नाहक आळ आला! १८९१ साली वोल्फ आणि इझ्राएल ह्या दोघांनी खरा जंतू वेगळा काढून वाढवला, तेव्हा कळले की त्याला मोकळी हवा मानवत नाही. प्राणवायू जितका कमी तितके त्याचे बरे चालते. असला जंतू उघड्या गवतावर नांदणार कसा? तो राहतो कोठे, ह्याचे उत्तर अखेर आपल्याच तोंडात सापडले. दातांवर साचणारा पिवळा थर, हिरड्यांच्या फटी, घशातील गाठींची बिळे, ही त्याची घरे. माझ्या तोंडात तो आहे, तुमच्याही आहे. म्हणूनच हा रोग एकापासून दुसऱ्याला लागत नाही. रोग्याचे ताट वेगळे काढण्याचे, त्याला ओसरीवर निजवण्याचे कारण नाही. आणि बैलापासूनही तो माणसाला लागत नाही. बैलाचा जंतू निराळा, माणसाचा निराळा, दोघे चुलतभाऊ म्हणा.

जन्मभर निमूट राहणारा हा भाडेकरू एकाएकी घर बळकावतो केव्हा? त्याला दोन गोष्टी लागतात. एक, आत शिरायला वाट. आणि दुसरी, आत गेल्यावर रक्तपुरवठा बेताचा असलेली, प्राणवायू न पोहोचणारी जागा. किडक्या दाताचे मूळ, दात उपटल्याची जखम, जबड्याचे मोडलेले हाड, ह्या वाटांनी तो आत जातो. सोबत तोंडातील दुसरे जंतूही जातात आणि असलेला प्राणवायू तेच संपवून टाकतात. मग हा सावकाश पसरतो. ताप फारसा नाही, ठणका बेताचाच. गालाखाली, जबड्याच्या कोनाशी लाकडासारखे कठीण काहीतरी होते. त्याची विशेष खोड अशी की तो शरीरातले बांध मानीत नाही. साधा पू दोन स्नायूंच्या मधून, वाट असेल तिकडून जातो. हा मात्र स्नायू, चरबी, कातडी सगळे भेदत सरळ जातो. पुरात नाला जसा धुरा फोडून शेतात घुसतो, तसा. शेवटी कातडीला भोक पडून पू येतो. ते भोक बुजते, आणि शेजारी दुसरे पडते.

अर्ध्याहून अधिक वेळा हा रोग तोंड, जबडा आणि मान ह्या भागातच होतो. फुप्फुसात झाला तर क्षय समजला जातो, पोटात झाला तर आतड्याची गाठ समजली जाते, आणि बायकांमध्ये तांबी वर्षानुवर्षे बदलली नाही तर ओटीपोटातही तो होऊ शकतो. ते विषय मोठे आहेत; आज जबड्यापुरतेच बोलू.

आता कर्करोगाकडे वळू. किरणकवकाला काय लागते ते आपण पाहिले: फुटलेली त्वचा आणि मेलेली जागा. तोंडातला कर्करोग ह्या दोन्ही गोष्टी त्याला आयत्या देतो. गाठ वाढते, वर व्रण पडतो, मध्यभागी रक्त पोहोचेनासे होऊन मांस मरते. हिरडीच्या शेजारीच एवढी सोय झाल्यावर जंतू आत न शिरला तरच नवल. दुसरी वाट उपचारातून निघते. कर्करोगासाठी जबड्यावर विकिरण दिले, म्हणजे लोक ज्याला ‘शेक देणे’ म्हणतात ते केले, की कर्कपेशी मरतात, पण हाडाच्या बारीक रक्तवाहिन्याही आखडतात आणि लाळ आटते. लाळ नाही म्हणून दात झपाट्याने किडतात. मग दोनचार वर्षांनी कोणी असा दात उपटला, तर ती जखम भरून येत नाही. हाड उघडे पडते, मरते, आणि त्या मेलेल्या हाडात पुष्कळ वेळा हाच किरणकवक सापडतो. तिसरी वाट अलीकडची. कर्करोग हाडांत पसरला असता हाडे मोडू नयेत म्हणून झोलेड्रॉनिक ॲसिडसारखी सुई देतात. औषध चांगले आहे. तथापि काही रोग्यांत त्याने जबड्याचे हाड मरते, हे २००३ पासून ध्यानात आले, आणि तेथेही हा पाहुणा हजर असतो.

येथे एक गैरसमज होऊ देऊ नये. किरणकवकामुळे तोंडाचा कर्करोग होत नाही. तो कर्करोगाच्या मागून येतो. आमच्या मुलखात तोंडाचा कर्करोग होतो तो तंबाखूने आणि सुपारीने, आणि ही दोन्ही एकत्र घोटली म्हणजे खर्रा होतो. पानठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात, आणि तो गोळा तासन्‌तास गालात राहतो. राज्य सरकारने गुटखा २०१२ साली बंद केला, पण घोटणारा हात काही बंद झाला नाही. नुसत्या सुपारीत दोष नाही असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी ध्यानात घ्यावे की एकटी सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली नमूद केले आहे. सुपारीने गालाचे आतले अस्तर पांढुरके, ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. मुंबईच्या डॉक्टर जोशी ह्यांनी १९५३ साली ह्या विकाराचे वर्णन करून ठेवले आहे. पूर्वी तो पोक्त माणसांत दिसे; आता शाळा सुटलेल्या पोरांत दिसतो. चार बोटे एकावर एक ठेवून तोंडात जात होती, तेथे दोनही जात नाहीत. ते पोरगे हसत सांगते, “पाणीपुरी खाता येत नाही जी, बाकी काही नाही!”

अशा तोंडात गाठ उठली म्हणजे खरी परीक्षा सुरू होते, आणि चूक दोन्ही अंगांनी होऊ शकते. पहिली चूक अशी: जबड्याला कठीण, न हलणारी, न दुखणारी गाठ आहे, तोंड उघडत नाही, रोगी खर्रा खातो, तेव्हा हा कर्करोगच, असे धरून चालणे. घरचे लोक धीर सोडतात. कोणी शेत गहाण टाकतो, कोणी ‘आता कायले हाल करता’ म्हणून रोग्याला घरीच ठेवतो. आणि असतो मात्र किरणकवक, जो औषधाने अगदी बरा होण्यासारखा! असे रोगी कर्करोग म्हणून शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंत गेल्याची आणि कापलेल्या तुकड्यात फक्त जंतूच सापडल्याची वर्णने वैद्यकाच्या ग्रंथांत आहेत. दुसरी चूक माझ्या मते अधिक घातक. पुवात पिवळे कण सापडले, तपासणीत जंतू दिसला, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, ‘कॅन्सर नाही, जंतू आहे’ म्हणून पेढे वाटले, पेनिसिलीन सुरू झाले. जंतू मेला, पू थांबला, गाठ थोडी बसलीही. पण खाली जो कर्करोग होता, त्याला पेनिसिलीन काय करणार? तो सहा महिने मोकळा वाढला. एक रोग सापडला म्हणजे दुसरा नाही, असा निसर्गाचा काही करार नसतो. चोर सापडला तरी घरात दुसरा नाही ना, हे पाहूनच दार लावावे.

दोहोंत फरक करण्याजोग्या काही खुणा आहेत. कर्करोग बहुधा मानेतल्या रसग्रंथींत उतरतो. कानाखाली, जबड्याखाली सुटे कठीण गोटे हाताला लागतात. किरणकवक ग्रंथींच्या वाटेने सहसा जात नाही. अनेक भोके, एक बुजून दुसरे फुटणे, पुवातले कण, ही किरणकवकाची चिन्हे. गालाच्या आत न भरणारा व्रण, त्याची वर उचललेली कठीण कड, जरा धक्का लागताच रक्त येणे, ही कर्करोगाची. पण ह्या खुणा पुस्तकातल्या इतक्या रेखीव प्रत्यक्षात नसतात, आणि दोन्ही रोग एकत्र असले म्हणजे सगळी खिचडी होते. म्हणून अखेर तुकडाच काढून तपासावा लागतो.

ह्या तुकड्याविषयी लोकांच्या मनात फार भीती आहे. “दुखत नाही तं कायले कापता? सुरी लागली का कॅन्सर पसरते,” हे वाक्य अमरावतीपासून अकोल्यापर्यंत कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर ऐकू येईल. ही समजूत खोटी आहे. तपासणीसाठी घेतलेल्या बारीक तुकड्याने तोंडाचा कर्करोग पसरत नाही. तुकडा न देता घरी बसल्याने मात्र तो खचित पसरतो. तुकडा एकाच ठिकाणचा, वरवरचा घेतला तर फसगत होते. वरचा थर नुसता मेलेला असतो आणि त्यात तोंडातले जंतू असायचेच. तेथे किरणकवक दिसला म्हणजे रोग त्याचाच, असे होत नाही. तो वरवर बसलेला उपटसुंभही असू शकतो. तुकडा खोलवरचा, दोनतीन जागांचा, व्रणाच्या कडेचा हवा. त्याचे दोन भाग करावेत: एक कर्करोगाच्या तपासणीसाठी औषधी द्रावणात, आणि दुसरा जंतू वाढवण्यासाठी तसाच, हवा न लागता, शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत. हा जंतू वाढायला एक ते तीन आठवडे लागतात, म्हणून ‘दोन दिवसांत काहीच उगवले नाही’ ह्या अहवालावर विसंबू नये. आधीच औषधांचा मारा झालेला असला तर तो उगवतही नाही. आणि पू येत असेल तर रोग्याने फडके फेकून न देता डॉक्टरांना दाखवावे. त्या फडक्यावरचे दोन पिवळे कण काचपट्टीवर चिरडून पाहिले, तर कधी कधी अर्ध्या तासात निम्मे निदान होते.

औषध म्हणाल तर जुनेच. १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलीन हाती आले आणि ह्या रोगाची दशाच पालटली. तोवर माणसालाही बैलासारखे आयोडाइडच पाजीत. आजही हा जंतू पेनिसिलीनला चांगला नमतो. अडचण दिवसांची आहे. आरंभी दोन ते सहा आठवडे शिरेतून मोठ्या मात्रेत, आणि त्यापुढे पोटातून गोळ्या. सगळे मिळून बहुधा सहा महिने ते वर्ष. रोगट भाग शस्त्रक्रियेने काढून टाकला असेल तर डॉक्टर हा काळ कमी करू शकतात. पेनिसिलीन सोसत नसेल त्यांना डॉक्सिसायक्लीनसारखी दुसरी औषधे आहेत. इतकी लांब मुदत का? जंतू कठीण, रक्त न पोहोचणाऱ्या गाठीत बसलेला असतो, आणि औषध तेथवर झिरपायला वेळ लागतो. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीला एका सरीने ओल येते का? महिन्याभरात गाठ निम्मी होते, रोगी गोळ्या बंद करतो, आणि दिवाळीनंतर भोक पुन्हा फुटते. आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. हिरडी सुजली की दुकानातून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या घेऊन खाण्याची चाल पडली आहे. हवा नको असलेल्या इतर पुष्कळ जंतूंवर त्या चालतात, पण किरणकवकावर चालत नाहीत.

ह्या जंतूच्या गोतावळ्याविषयी दोन शब्द सांगण्याचा मोह आवरत नाही. ह्याचे नातेवाईक आपल्या मातीत कोट्यवधींनी राहतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर काळ्या रानातून जो वास उठतो, तो ह्याच कुळातल्या जंतूंनी तयार केलेल्या द्रव्याचा. अनवाणी पायाला काटा बोचून जो ‘मदुरा पाय’ होतो, पाय सुजून त्यातून रंगीत कण गळतात, त्याच्याही मुळाशी काही वेळा हेच कूळ असते. त्या रोगावर १८७४ साली पहिला मोठा ग्रंथ लिहिणारे व्हॅनडाइक कार्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत. आणि ह्याच कुळाने १९४३ साली स्ट्रेप्टोमायसीन दिले, ज्याने क्षयाला प्रथम आळा बसला. त्याहून नवल म्हणजे ॲक्टिनोमायसीन, ब्लिओमायसीन, डॉक्सोरुबिसिन ही कर्करोगावरची औषधे ह्या मातीतल्या जंतूंपासूनच मिळाली आहेत. त्यांतले ब्लिओमायसीन तोंडाच्या कर्करोगावरही वापरले गेले आहे. एक भाऊ जबड्याचा नाश करतो आणि दुसरा त्याच जबड्याच्या कामी येतो!

दोन्ही रोग एकत्र ठरले तर काय करावे? कर्करोगाचा उपचार पेनिसिलीनचे वर्ष संपेपर्यंत थांबवू नये, हे पहिले. शस्त्रक्रिया व्हायची असेल तर काही दिवस आधी पेनिसिलीन सुरू करतात, म्हणजे जखम चिघळत नाही, आणि पुढे दोन्ही उपचार बरोबरीने चालतात. पूर्वी ह्यासाठी मुंबईच गाठावी लागे. टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले. आता अकोल्यास संत तुकाराम रुग्णालयात आणि नागपुरास राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात उपचार होतात. आपल्याच जिल्ह्यातले तुकडोजी महाराज १९६८ साली मोझरीला कर्करोगानेच निवर्तले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगाचे उपचार बसतात. शिधापत्रिका सोबत न्यावी.

शेक देण्याआधी दंतवैद्याकडून सगळे दात तपासून घ्यावेत. वाचण्यासारखे नसतील ते आधीच काढावेत आणि जखमा भरायला दोनतीन आठवडे द्यावेत. शेक झाल्यावर मात्र, मग त्याला दहा वर्षे लोटलेली असोत, दात दुखला म्हणून बाजाराच्या दिवशी जाऊन तो उपटून येऊ नये. खुर्चीत बसण्याआधी दंतवैद्याला सांगावे की ह्या जबड्यावर शेक दिलेला आहे, कोणत्या साली आणि कोठे. आणि झोलेड्रॉनिकची सुई घेतली असेल तर तेही सांगावे. जुने कागद पन्नीत बांधून पेटीत ठेवलेले असतात. ते बरोबर न्यावेत.